काट्यावरचा आकडा आणि पोटरीचा घेर

लग्नकार्यात बऱ्याच काळाने नातेवाईक भेटले की साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणाला तरी उद्देशून एक वाक्य हमखास कानावर पडते: “वा, छान बारीक झालात हो, आता गुडघ्यांना आराम पडेल.” म्हणणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते आणि ऐकणाराही सुखावतो. ते वजन कशामुळे उतरले, किती महिन्यांत उतरले आणि उतरताना शरीरातून नेमके काय गेले, हे मात्र कोणी विचारत नाही. वजन उतरले म्हणजे चरबी उतरली, असा तरुणपणापासूनचा आपला समज असतो आणि तोच घेऊन आपण म्हातारपणात शिरतो. आपल्या घरांमधून वावरणाऱ्या आरोग्यविषयक समजुतींपैकी हीच वृद्धांना सर्वांत महाग पडते, असे माझे मत आहे. साठीनंतर अंगावरचे स्नायू टिकवायचे आणि पोटाचा घेर आटोक्यात ठेवायचा, ही दोन कामे बरोबरीने करायची असतात, आणि वजनकाटा या दोहोंपैकी एकाबद्दलही सरळ काही सांगत नाही.

दवाखान्यात वजन आणि उंची यांचे जे गुणोत्तर काढतात, ते मुळात एका एका माणसाची तब्येत जोखण्यासाठी शोधलेलेच नव्हते. आदोल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाने १८३० च्या दशकात लोकसमूहातील सरासरी माणूस कसा असतो याचा अभ्यास करताना वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची रीत मांडली, आणि १९७२ मध्ये अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी तिला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे आज आपण म्हणतो तो बीएमआय, हे नाव दिले. मोठ्या समूहांची तुलना करायला हे माप सोयीचे आहे, पण वृद्ध माणसाच्या बाबतीत ते फसते. वयानुसार मणक्यांमधील चकत्या दबतात, पाठीला बाक येतो, काहींचे मणके ठिसूळ होऊन खचतात आणि उंची काही सेंटीमीटरने कमी होते. चाळिशीत १५४ सेंटीमीटर उंची आणि ५६ किलो वजन असलेल्या बाईचा बीएमआय २३.६ येतो. सत्तरीत तिची उंची १५० झाली आणि वजन ५६ किलोच राहिले, तर तोच २४.९ भरतो. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला जात असल्यामुळे, एक ग्रॅमही न वाढता ही बाई लठ्ठपणाच्या सीमेवर येऊन ठेपते.

भारतीयांचे निकष पाश्चात्त्यांपेक्षा कडक का आहेत, हे समजून घ्यायचे तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम पाहावे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघेही शिडशिडीत दिसतात आणि दोघांचाही बीएमआय २२.३ आहे. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या, कधीही जाड नसलेल्या माणसाला मधुमेह कसा झाला याचे आश्चर्य करण्याची पद्धत आहे, त्याचे पुष्कळसे उत्तर या एका छायाचित्रात आहे. आपल्या हातापायांवर मांस कमी आणि पोटात चरबी जास्त, अशी ठेवण अनेक भारतीयांना जन्मापासूनच मिळालेली असते. म्हातारपण याच ठेवणीवर येऊन पडते, म्हणून आपल्याकडे त्याचा परिणाम अधिक जाणवतो.

तिशीनंतर दर दशकात माणसाचे सुमारे तीन ते आठ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन पोषणतज्ज्ञाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस या झिजेला सार्कोपेनिया हे नाव दिले. तोपर्यंत ती केवळ ‘वय झाले’ या सदरात मोडत होती, आणि आपल्या बहुतेक घरांत अजूनही मोडते. स्नायू फक्त वजन उचलण्यासाठी असतात असे नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वाधिक प्रमाणात तेच शोषून घेतात, त्यामुळे ते घटले की साखर वाढण्याची भीती वाढते. पाय घसरला तर तोल सावरण्याचे काम तेच करतात. न्यूमोनियासारखा मोठा आजार आला आणि जेवण तुटले की शरीर याच कणगीतून धान्य काढून दिवस निभावते. ज्याची कणगी आधीच रिकामी आहे तो आजारातून उठला तरी पूर्ववत होत नाही, हे आपण आजूबाजूला पाहतच असतो.

वजनवाढीविषयीही एक समज दुरुस्त करून घ्यायला हवा. चाळिशी उलटली की शरीराची चयापचयाची गती मंदावते, असे आपण बिनदिक्कत सांगतो. २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आणि २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारलेल्या अभ्यासात वेगळेच दिसले. शरीराच्या आकाराचा हिशेब केला तर वीस ते साठ या वयात उर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर असतो, आणि साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरू लागतो. म्हणजे पन्नाशीतल्या पोटाचा दोष चयापचयाला देता येत नाही. साठीपुढे मात्र दोन पोळ्यांची भूक दीड पोळीवर येणे स्वाभाविक आहे. खरी अडचण तिथेच सुरू होते, कारण उर्जेची गरज कमी होते पण प्रथिनांची होत नाही, उलट वाढते.

देशातल्या वृद्धांचे या बाबतीतले चित्र आपल्या मुंबईतूनच मांडले गेले आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या वृद्धत्वाच्या पाहणीत साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोक कमी वजनाचे आणि सुमारे २२ टक्के जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. वर्तमानपत्रांतून आणि व्हॉट्सअॅपवरून आपल्यापर्यंत जे सल्ले येतात ते जवळजवळ सगळे दुसऱ्या गटासाठी असतात. पहिला गट मोठा आहे आणि त्याच्याशी कोणी बोलत नाही. मुंबईत तर हे दोन्ही गट एकाच इमारतीत, कधीकधी एकाच घरात असतात: आजोबांचे पोट सुटलेले आणि आजीच्या मनगटाची हाडे दिसत असलेली.

या दोहोंपैकी कशाला अधिक भ्यावे, याचे उत्तर वयाबरोबर बदलते. पासष्टी ओलांडलेल्या जवळजवळ दोन लाख लोकांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २३ पेक्षा कमी बीएमआय असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका वाढत गेलेला दिसला, आणि तरुणांसाठी ज्याला जादा वजन म्हणतात त्या पट्ट्यातले वृद्ध सर्वांत सुरक्षित निघाले. हे लोक मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले होते, त्यांची अंगकाठी वेगळी, म्हणून तो आकडा उचलून आपल्याला लावणे योग्य नाही, आणि सुटलेल्या पोटाला यातून सूटही मिळत नाही. कमरेचा घेर पुरुषाने ९० आणि स्त्रीने ८० सेंटीमीटरच्या आत ठेवावा, हे आपल्यासाठी सांगितलेले माप सत्तरीतही लक्षात ठेवण्यासारखेच आहे. परंतु मुद्दाम प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर ती आनंदाची बातमी नाही, एवढे यातून निश्चित घ्यावे.

हे मी परळच्या माझ्या आत्याच्या निमित्ताने जवळून पाहिले. आतोबा गेल्यानंतरच्या वर्षभरात तिचे वजन अठ्ठावन्न किलोवरून बावन्नवर आले. तिला जुना मधुमेह, त्यामुळे साखरेचे आकडे सुधारले आणि भेटेल तो तिचे कौतुक करू लागला. बदल सर्वांत आधी ओळखला तो शिंप्याने, कारण ब्लाउज एकदा आत घेऊन झाल्यावर काही महिन्यांतच ते पुन्हा आत घ्यायला आले. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या आणि अंगठी तिने हरवेल म्हणून कपाटात ठेवून दिली होती. तिचे फॅमिली डॉक्टर जुन्या पठडीतले, प्रत्येक भेटीत केसपेपरवर वजन लिहिणारे. त्यांनी मागची पाने उलटून पाहिली आणि साखरेचा रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाले, “काकू, साखर नंतर बघू. कालच्या दिवसात तुम्ही काय काय खाल्लंत ते आठवून सांगा. काय खायला हवं ते नको.” आत्या म्हणाली, “सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वरणभात, संध्याकाळी चहा, रात्री दुधात पोळी कुस्करून. एकटीसाठी काय मोठा स्वयंपाक मांडायचा, डॉक्टर?”

सहा ते बारा महिन्यांत विनाप्रयत्न पाच टक्के वजन गेले तर त्याचे कारण शोधावे, असा वैद्यकात संकेत आहे. साठ किलोच्या माणसात हे फक्त तीन किलो होतात, म्हणजे सहज नजरेआड होतील एवढेच. आत्याचे त्याच्या दुप्पट गेले होते. डॉक्टरांनी थायरॉईडची तपासणी केली, छातीचा एक्स-रे काढला, कारण आपल्या शहरात क्षयाची शंका घ्यावीच लागते, आणि पोटाची सोनोग्राफीही करून घेतली. कर्करोग, क्षय, थायरॉईड, अनियंत्रित मधुमेह, नैराश्य आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवात ही सगळी कारणे वजन उतरण्याच्या रूपाने आधी दिसू शकतात. सुदैवाने यातले काही निघाले नाही. जे निघाले ते साधे होते आणि एकापेक्षा जास्त होते. हिरड्या आक्रसल्यामुळे तिची कवळी सैल झाली होती, म्हणून ती चावावे लागेल असे सगळेच टाळत होती. मधुमेहाच्या गोळीने भूक मंदावली होती. आणि पन्नास वर्षे दोन ताटे वाढलेल्या बाईला एका ताटासाठी ओट्यापाशी उभे राहावेसे वाटत नव्हते. कवळी नव्याने बसवून घेतली आणि डॉक्टरांनी गोळी बदलली. तिसऱ्या कारणावरचे औषध समोरच्या घरातल्या वहिनींनी काढले: दुपारचे जेवण दोघींनी एकत्र करायचे, एक दिवस हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. वजन आता पंचावन्नच्या आसपास स्थिरावले आहे आणि साखरही बिघडलेली नाही.

आत्याने सांगितलेल्या त्या दिवसाच्या जेवणाचा हिशेब मांडला तर सगळी मिळून पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिने भरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम असे आहे, आणि वृद्धांच्या पोषणाचा अभ्यास करणारे अनेक तज्ज्ञ पासष्टीनंतर ते १ ते १.२ ग्रॅम असावे असे म्हणतात, कारण म्हातारे स्नायू तेवढ्याच प्रथिनांना तरुण स्नायूंइतका प्रतिसाद देत नाहीत. पंचावन्न किलोच्या बाईला म्हणजे दिवसाला पंचावन्न ते पासष्ट ग्रॅम हवेत. आपल्या वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा, कपभर दुधात पाच, आणि नेहमीच्या कडधान्याच्या घट्ट उसळीत वाटीमागे सात-आठ. वरणभात, दूधपोळी, दहीभात, मऊ भात हे म्हातारपणाचे ‘हलके’ जेवण पोटाला सोसते खरे, पण त्यातून बहुतेक भात आणि पोळीच मिळते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागते. तेथे परस्पर वाढ करणे धोक्याचे आहे.

यासाठी डबाबंद पावडरी आणाव्यात असे मला वाटत नाही, कारण आपल्या स्वयंपाकघरात मऊ आणि पौष्टिक अशा पदार्थांची वाण कधीच नव्हती. मुगाचे धिरडे, पिठले, फोडणीचे ताक, पनीर कुस्करून केलेली भाजी, अंड्याची भुर्जी यांतले काहीच चावायला जड नाही. मासे खाणाऱ्या घरांत तर प्रश्न आणखी सोपा होतो. ओल्या बोंबलात पाणी फार असते, त्यामुळे बांगड्याएवढी प्रथिने त्यात मिळत नाहीत, पण बोंबलाचे कालवण दात नसलेल्या माणसालाही जमते आणि ते खाताना जेवणाची इच्छा परत येते, याचेही मोल आहे. मूठभर सुका जवळा कांद्याबरोबर परतून भाकरीशी खाल्ला तर तो ताज्या मासळीपेक्षा वजनाला कितीतरी घन आहार ठरतो, फक्त त्यातल्या मिठाकडे रक्तदाबवाल्यांनी लक्ष द्यावे. कडधान्ये वातूळ म्हणून अनेक वृद्ध उसळी सोडून देतात. मोड आणून, हिंग घालून, मऊ शिजवून अर्धी वाटी रोज खाल्ली तर बहुतेकांना ती सोसते. एकदम वाटीभर मटकी खाऊन पोट दुखले म्हणून आयुष्यभरासाठी उसळ बंद करणे, हे नुकसान आहे.

उपवासांबद्दल लिहिताना मला जपून लिहायचे आहे, कारण संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवार हे अनेक आज्यांच्या आयुष्याचे आधार आहेत आणि ते काढून घेण्याचा अधिकार कोणाला नाही. पण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यात प्रथिने नावालाही नसतात. खिचडीत पोषण असते ते शेंगदाण्यांचे. उपवासाच्या दिवशी वरईच्या भाताबरोबर दाण्याची दाट आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दूध, दही असे ताट घेतले तर व्रतही राहते आणि अंगावरचे मांसही. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यकच आहे. आणखी एक अडचण खास या शहराची आहे. मुले-सुना चर्चगेट, अंधेरी, ठाणे असा प्रवास करून नऊ-साडेनऊला घरी पोहोचतात. वृद्धांनी एकतर तोवर भुकेल्या पोटी थांबायचे आणि भूक मेल्यावर दोन घास खायचे, किंवा सात वाजता एकट्याने जेवून घ्यायचे. ज्या घरात संध्याकाळी पाच-सहाला उकडलेले अंडे, धिरडे किंवा घट्ट दही यांसारखे पोटभरीचे खाणे ठेवले जाते, त्या घरात हा प्रश्न बराच सुटलेला मी पाहिला आहे. चहाबरोबरच्या खारी-बिस्किटांनी तो सुटत नाही.

खाण्याइतकाच वाटा हालचालीचा आहे, आणि मुंबईत तो घरांच्या रचनेशी बांधलेला आहे. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, लाकडी जिना, गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास, पहाटे नळाला पाणी आले की भरायचे हंडे-कळशा, जमिनीवर बसून केलेला आणि जमिनीवर बसून जेवलेला स्वयंपाक. आमच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बायका दिवसातून कितीदा उकिडव्या बसत आणि कितीदा गुडघ्यावर हात ठेवून उठत, याची गणती नव्हती. त्यांच्या मांड्यांचा व्यायाम कोणी शिकवलेला नव्हता, तो त्या घराने करून घेतला. आत्याची चाळही पुनर्विकासात गेली आणि ती आता चौदाव्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे, कमोड आहे, जेवायला टेबल आहे, कपडे धुवायला यंत्र आहे आणि नळाला दिवसभर पाणी आहे. त्या जुन्या घरांचे गोडवे मला गायचे नाहीत. गुडघे गेलेली माणसे त्याच जिन्यांमुळे वर्षानुवर्षे खोलीत अडकून पडली, आणि पाणी भरण्याचे कष्ट फक्त बायकांच्या वाट्याला येत. नवे घर हे तिच्या हक्काचे सुख आहे. पण जुन्या घराने जे काम नकळत करून घेतले ते नव्या घरात कोणी करून घेत नाही, म्हणून ते आता ठरवून करावे लागते.

त्यासाठी पहिला सल्ला चालण्याचा मिळतो आणि तो चांगलाच आहे. शिवाजी पार्कचा कट्टा, माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स, भायखळ्याची राणीची बाग, वरळीचा समुद्रकिनारा येथे सकाळी जी वृद्ध मंडळी दिसतात त्यांना चालण्याबरोबर सोबतही मिळते, आणि सोबतीने भूक वाढते. मात्र पावसाळ्याचे चार महिने उखडलेल्या, निसरड्या पदपथांवर पाय टाकायची भीती वाटते आणि ती भीती रास्त आहे. तेव्हा इमारतीच्या पोडियमवर किंवा मजल्यावरच्या लांब पॅसेजमध्ये फेऱ्या मारणे हाच पर्याय उरतो. शिवाय नुसत्या चालण्याने मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही. त्यासाठी स्नायूंवर भार द्यावा लागतो. न हलणाऱ्या खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीवर हात टेकवून कोपरात वाकणे, पाण्याची बाटली हातात घेऊन दंड वर-खाली करणे, हे आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि हळूहळू वाढवत केले तरी फरक पडतो. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा ठिसूळ हाडे असतील तर आधी डॉक्टरांना आणि शक्य तर फिजिओथेरपिस्टला विचारावे.

स्नायू किती आहेत हे घरच्या घरी ताडण्यासाठी आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये फार उपयोगी मापे दिली आहेत. शिंप्याची टेप पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती गुंडाळावी. पुरुषाच्या पोटरीचा घेर ३४ सेंटीमीटरपेक्षा आणि स्त्रीच्या ३३ पेक्षा कमी भरला तर पुढची तपासणी करून घ्यावी. हात छातीवर बांधून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठायला बारा सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर तोही इशारा समजावा. जपानमध्ये याहून सोपी रीत आहे: दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीभोवती कडे करायचे, आणि कडे सैल पडून मध्ये फट राहिली तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यायची. पायांवर सूज असेल तर मात्र ही मापे फसवी ठरतात.

आजारपणातल्या विश्रांतीबद्दलही आपल्या कल्पना तपासायला हव्यात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी लोकांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू गेले. हे निरोगी माणसांचे झाले. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया किंवा लेप्टो होऊन रुग्णालयातून आलेल्या आजोबांना घरची मंडळी प्रेमाने म्हणतात, “बाबा, तुम्ही उठू नका, सगळं हातात देतो.” हे प्रेम पाहून मला भरून येते आणि त्याच वेळी काळजीही वाटते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जेवायला टेबलापर्यंत, तोंड धुवायला बेसिनपर्यंत धरून का होईना त्यांना चालवावे, आणि त्या आठवड्यांत ताटातली प्रथिने मुद्दाम वाढवावीत.

ज्यांचे वजन खरोखरच फार आहे, ज्यांचे गुडघे, श्वास किंवा साखर त्यामुळे बिघडली आहे, त्यांनी ते उतारवयातही उतरवावे, पण कसे, हे महत्त्वाचे आहे. २०११ मध्ये डेनिस व्हिलारिअल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्टीपुढच्या लठ्ठ लोकांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. केवळ आहार कमी केलेल्यांच्या शरीरातले चरबीविरहित वस्तुमान पाच टक्क्यांनी घटले, आहाराबरोबर व्यायाम केलेल्यांचे तीन टक्क्यांनी, आणि हालचालींची क्षमता या दुसऱ्या गटात सर्वाधिक सुधारली. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही आठवड्याला टोचायची औषधे भारतात आल्यापासून मुंबईतल्या अनेक घरांत त्यांची चर्चा आहे. ती परिणामकारक आहेत आणि योग्य रुग्णाला त्यांचा मोठा लाभ होतो. पण ती भूक मारूनच काम करतात आणि उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही हिस्सा असतो, म्हणून सत्तरीतल्या माणसाने प्रथिने आणि ताकदीचे व्यायाम यांची योजना पक्की झाल्याशिवाय ती सुरू करू नयेत, असे मला मनापासून वाटते. लग्नाच्या फोटोत बारीक दिसण्यासाठी तर मुळीच नाही.

आता या वयात स्नायू काय वाढणार, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी १९९० सालचा एक प्रयोग सांगते. बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमात राहणाऱ्या, ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे मांड्यांचे वजनी व्यायाम दिले. ज्या नऊ जणांनी ते पूर्ण केले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यानंतर व्यायाम बंद केल्यावर चारच आठवड्यांत सुमारे एक तृतीयांश ताकद उतरली, म्हणजे हे काम औषधाच्या कोर्सप्रमाणे संपवता येत नाही. आत्याला मी हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, “त्यांच्यात बायका होत्या का?” होत्या, असे म्हटल्यावर ती दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवरून उठ-बस करू लागली, सुरुवातीला टेबलाला धरून आणि आता न धरता. वहिनीही तिच्याबरोबर करतात, जेवणाआधी.

वजन मात्र मोजत राहावे. ते रोज नको, महिन्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर आणि तशाच कपड्यांत, आणि ते तारखेसकट लिहून ठेवावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे रोजही मोजावे, कारण दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढले तर ते बहुधा शरीरात साठलेले पाणी असते. पायांवर बोट दाबून खळगा पडत असेल किंवा आडवे झाल्यावर धाप लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आत्याच्या वहीत आता वजनाशेजारी पोटरीचा आणि कमरेचा घेर असे आणखी दोन रकाने आहेत, आणि तिचे डॉक्टर ती वही आधी बघतात, साखरेचा रिपोर्ट नंतर.